युवा गटाचा ट्रेक किंवा सहल : संमतीपत्र, गाडी आणि ड्रायव्हर यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मंडळातर्फे १४ ते २२ वयाच्या मुलामुलींना आम्ही किल्ल्यांवर नेतो. नाव नोंदवताना पालक विचारतात ते प्रश्न, इतर मंडळांचे कार्यकर्ते फोनवर विचारतात ते, आणि मुलं हळूच बाजूला घेऊन विचारतात ते, असे सगळे इथे एकत्र केले आहेत. गड चढताना काय काळजी घ्यायची, हा विषय वेगळा. इथे फक्त घरापासून पायथ्यापर्यंत आणि पायथ्यापासून घरापर्यंतच्या प्रवासाबद्दल लिहिलं आहे. पालक कड्याबद्दल दहा प्रश्न विचारतात आणि गाडीबद्दल एकही नाही, म्हणून हे मुद्दाम सविस्तर.

१. मुलगा सतरा वर्षांचा आहे, कॉलेजात जातो, एकटा लोकलने फिरतो. तरी आमची सही लागते का?

लागते. १८ पूर्ण होईपर्यंत तो कायद्याने अज्ञान आहे आणि त्याने स्वतः केलेल्या सहीला करार म्हणून किंमत नाही. कॉलेजचं ओळखपत्र म्हणजे सज्ञान असल्याचा दाखला नव्हे. निघायच्या दिवशी १८ पूर्ण झाली असतील तर त्याची स्वतःची सही चालते. तरीही घरच्या एका माणसाचा फोन नंबर आम्ही घेतोच, आणि त्या माणसाला प्रवासाचा बेत माहीत आहे ना, हे फोन करून विचारतो.

२. व्हॉट्सॲपवर ‘ओके, पाठवतो’ लिहिलं तर चालत नाही का?

नाही. कशाला ‘ओके’ म्हटलं ते त्यात नसतं. संमतीपत्रात निघण्याची तारीख, वेळ आणि जागा, जायचा-यायचा रस्ता, गाडीचा प्रकार, मुक्काम कुठे आणि परतीची अंदाजे वेळ हे सगळं आधी छापलेलं असावं. पालकांनी त्याखाली दोन संपर्क क्रमांक, रक्तगट, चालू असलेली औषधं, ॲलर्जी, दमा किंवा फिट येण्याचा त्रास, आणि गाडी लागते का, हे लिहायचं. गाडी लागणं ही किरकोळ गोष्ट वाटते, पण घाटात उलटी आली म्हणून घाईघाईने वळणावर थांबलेली गाडी मागून येणाऱ्या ट्रकला दिसत नाही. आधी कळलं तर त्या मुलाला पुढची सीट देता येते.

आणखी एक वाक्य त्यात असावं : तातडीच्या वेळी पालकांशी संपर्क झाला नाही तर डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचार सुरू करायला आमची संमती आहे.

बेतात बदल झाला, म्हणजे रस्ता, गाडी किंवा मुक्काम बदलला, तर जुनी सही पुरत नाही. नवा निरोप आणि पालकांचं लेखी उत्तर, दोन्ही हवं.

३. ‘मी माझ्या जबाबदारीवर पाठवत आहे, काही झाल्यास मंडळ जबाबदार नाही’ अशा ओळीवर सही करावी का?

पालकांनी घाबरू नये आणि मंडळांनी या ओळीवर विसंबू नये. संमती म्हणजे मुलाला नेण्याची परवानगी. निष्काळजीपणा करण्याची परवानगी कुणीच कुणाला देऊ शकत नाही. हयगयीने कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. त्या ओळीने हा गुन्हा पुसला जात नाही. आम्ही ती आमच्या फॉर्ममधून काढून टाकली. त्या जागी गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं नाव आणि लीडरचा फोन छापतो. पालकांच्या हातात उपयोगाची गोष्ट ती आहे.

४. शाळेची सहल आणि मंडळाचा ट्रेक, दोन्हींना तेच नियम का?

नाही. शाळेच्या सहलीला मुख्याध्यापकांमार्फत शिक्षण विभागाची परवानगी लागते, आणि शाळा बहुधा एसटीच नेतात. मंडळाला ती वाट नाही. मात्र राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्यानुसार असे उपक्रम घेणाऱ्या आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. पालकांनी नोंदणी क्रमांक मागावा. मागितला म्हणून रागावणाऱ्या आयोजकाबरोबर मुलांना पाठवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुरुडच्या समुद्रात फेब्रुवारी २०१६ मध्ये पुण्याच्या सहलीतले विद्यार्थी बुडाले. त्यानंतर कॉलेजं फार सावध झाली. आता बरीच मुलं कॉलेजची सहल सोडून आपापसांत गट करून निघतात. तिथे ना संमतीपत्र असतं, ना गाडीचे कागद कुणी पाहिलेले असतात. असा गट तुमच्या घरातून निघत असेल तर प्रश्न ६ ते १२ तुमच्यासाठीच आहेत.

५. गाडी कोणती करावी?

पंचवीस-तीसच्या पुढे संख्या असेल तर एसटीच्या आगारात जाऊन प्रासंगिक कराराची (अख्खी बस ठरवून घेण्याची) चौकशी करा. शालेय सहलींना एसटी ५० टक्के सवलत देते. मंडळाला ती मिळेलच असं नाही, तरी विचारायला हरकत नाही. बारा-पंधरा जण असतील तर सतरा सीटर ट्रॅव्हलर सोयीची.

मुंबई-ठाण्याकडच्या मुलांसाठी माझी पहिली पसंती लोकललाच. कसाऱ्याला किंवा कर्जतला उतरायचं आणि पुढचे थोडे किलोमीटर तिथल्या जीपने जायचं. रस्त्यावरचा सगळ्यात कंटाळवाणा, डुलकी आणणारा भाग रेल्वे काढून देते. जीपमध्ये मात्र माणसं मोजूनच बसवायची (प्रश्न ११).

६. गाडी नीट आहे हे आम्हाला कसं कळणार? आम्ही काही मेकॅनिक नाही.

मेकॅनिक असायची गरज नाही. पाटी पाहा. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे भाड्याची गाडी. पांढरी पाटी म्हणजे खासगी, ती भाड्याने घ्यायची नाही. विजेवर चालणाऱ्या गाडीची पाटी हिरवी असते. त्यावर पिवळी अक्षरं असतील तर भाड्याची, पांढरी असतील तर खासगी.

मग गाडीचा नंबर आदल्या दिवशीच मागून घ्या आणि एमपरिवहन ॲपवर टाका. पासिंगची (फिटनेस दाखल्याची) मुदत, विमा, पीयूसी सगळं दिसतं. भाड्याच्या गाडीचं पासिंग पहिली आठ वर्षं दोन वर्षांतून एकदा आणि पुढे दरवर्षी करावं लागतं. मुदत संपलेली दिसली तर ‘उद्याच करून घेतो साहेब’ हे उत्तर मान्य करायचं नाही. परमिटची प्रत मालकाकडून मागा.

गाडी दारात आल्यावर पाच मिनिटं द्या. टायर हाताने चाचपा, चारही आणि स्टेपनीसुद्धा. गुळगुळीत टायर बोटांना कळतो. आपत्कालीन दरवाजा उघडून पाहा. कित्येकदा त्याच्यासमोर जादा सीट किंवा बॅगांचा ढीग असतो. अग्निशामक नळकांडं आहे का, प्रथमोपचार पेटीत खरंच काही आहे का, वायपर चालतात का, मागचे दिवे लागतात का. हे सगळं मुलांसमोर करा. आमच्याकडे हे काम दर वेळी दोन मुलांकडे दिलेलं असतं. पुढे ती स्वतःच्या घरच्या गाडीचे टायरही पाहायला लागतात.

ठरवलेल्या नंबरऐवजी दुसरीच गाडी आली तर? सगळं पहिल्यापासून तपासा, पालकांना नवा नंबर कळवा, मगच चाक हलू द्या.

७. शनिवारी रात्री निघून पहाटे पायथ्याला, दिवसभर गड, रविवारी रात्री घरी. सगळे असंच करतात. यात चूक काय?

चूक एकच : या हिशेबात ड्रायव्हर झोपतो कधी? मुलं गाडीत झोपतात. लीडर गडावर दुपारी तासभर आडवा होतो. ड्रायव्हर शनिवारी दिवसभर दुसरं भाडं मारून आलेला असतो. रात्रभर चालवतो. रविवारी उन्हात तापलेल्या गाडीत, माश्या वारत, तुकड्यातुकड्यात पडून राहतो. मग थकलेली, गाढ झोपलेली सतरा माणसं घेऊन अंधारात घाट उतरतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ड्रायव्हरच्या कामाला दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घातली, आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली. आपल्या नेहमीच्या ट्रेकच्या वेळापत्रकात हे कुठेच बसत नाही.

१५ एप्रिल २०२३ च्या पहाटे बोरघाटात, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, पुण्याकडचा कार्यक्रम करून परतणाऱ्या गोरेगावच्या वादक मुलांची बस दरीत गेली. १३ जण गेले. त्याच वर्षी १ जुलैला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बसला आग लागून २५ जणांचा जीव गेला. दोन्हींची कारणं वेगळी असतील, पण घड्याळातली वेळ पाहा. मध्यरात्र ते पहाट हा काळ शरीर झोप मागण्याचा आहे, कितीही जुना ड्रायव्हर असला तरी.

आम्ही बेत बदलला तो असा : शनिवारी दुपारी निघायचं, अंधार पडण्याआधी पायथ्याचं गाव गाठायचं. पाचनई, बारी, गुंजवणे, सगळीकडे घरगुती जेवणाची आणि पाठ टेकायची सोय होते. ड्रायव्हर आमच्याबरोबरच जेवतो आणि आत, पंख्याखाली, अंथरुणावर झोपतो. रविवारी दुपारी तीनपर्यंत गाडी हलते, दिवे लागेपर्यंत घाट मागे पडतो. नाइट हॉल्टचे पैसे जास्त पडतात, हे खरं. माणशी वर्गणी थोडी वाढते. ती वाढ का, हे पालकांना सांगितलं तर आजवर एकानेही तक्रार केलेली नाही.

शनिवारी दुपारी शाळा-कॉलेज असेल तर जवळचा गड निवडा, रविवारी पहाटे पाचला निघा. पुण्यातून राजगड-तोरणा, मुंबईकडून कर्जत परिसर, असे कितीतरी किल्ले एका दिवसात होतात. लांबचा गड दिवाळीच्या सुट्टीत करावा.

८. ड्रायव्हर पेंगतोय असं वाटलं तर मुलांनी काय करायचं? मोठ्यांना कसं बोलायचं?

बोलायचंच. त्यासाठी पुढच्या सीटवर कायम एक जागता माणूस बसवायचा, दर दीड तासाने बदलून.

हे आम्ही एका मुलीकडून शिकलो. खिरेश्वरहून परतत होतो, माळशेज उतरल्यावर वडापाव खायला थांबलो. रात्रीचे साडेनऊ झाले असतील. सगळे चहात गुंग. दहावीतली एक मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, “दादा, ड्रायव्हरकाका नुसत्या मिरच्या खातायत.” मी वळून पाहिलं. समोरच्या बशीत वडा तसाच होता, पाव तसाच, आणि ते तळलेल्या मिरच्या एकामागून एक चावत होते. डोळे लाल, मानेवर ओला रुमाल. मी शेजारी बसलो आणि विचारलं, “काका, काल कुठे होता?” आदल्या रात्री नाशिकहून लग्नाचं वऱ्हाड आणून सोडलं होतं. मालकाने मला हे सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. आम्ही तिथेच थांबलो. हॉटेलवाल्याने आतली बाकडी सरकवून जागा करून दिली. सतरा घरी फोन केले, काही आया रडल्या, दोन वडील चिडले. काका पहाटे साडेपाचपर्यंत घोरत होते. आठ वाजता सगळे घरी पोचलो.

तेव्हापासून गाडी ठरवतानाच मालकाला विचारतो : आदल्या दिवशी या ड्रायव्हरचं भाडं कुठलं होतं, किती वाजता संपलं? आणि ड्रायव्हर आल्यावर त्यालाही तेच विचारतो. दोन उत्तरं जुळली नाहीत तर दुसरा ड्रायव्हर मागतो.

लक्षणं मुलांना सांगून ठेवा : सारखे डोळे चोळणं, वारंवार जांभया, गाडी पांढऱ्या पट्टीवर जाणं, उगाच ब्रेक, विचारलेल्याचं उत्तर उशिरा येणं. मोठ्याने गाणी लावणं, काच उघडणं, तोंडावर पाणी मारणं हे उपाय नाहीत. झोपेला झोप हाच उपाय. दारूचा वास आला तर प्रश्नच नाही : किल्ली घ्या, उतरा, मालकाला फोन करा, ऐकलं नाही तर ११२.

९. भाड्याची गाडी नकोच. एका पालकांची सात सीटर आहे, डिझेल वाटून घेऊ. चालेल?

मित्रमंडळी म्हणून एकत्र जाणं आणि डिझेलचा खर्च वाटून घेणं ही एक गोष्ट. मंडळाने माणशी वर्गणी घेऊन त्यातून गाडीवाल्याला भाडं देणं ही दुसरी. दुसऱ्या प्रकारात खासगी गाडी धंद्यासाठी वापरली असं होतं. परमिट नसल्याचा गुन्हा लागतो, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करू शकते. आत बसलेल्यांना खासगी गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा पुरत नाही, हेही लक्षात ठेवा.

पालक गाडी चालवणार असतील तर प्रश्न ७ आणि ८ त्यांनाही लागू. आठवडाभर ऑफिस करून शुक्रवारी रात्री स्टिअरिंगवर बसलेले बाबा काही वेगळ्या मातीचे नसतात. सर्वांनी पट्टा लावायचा, मागे बसलेल्यांनीही. १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा नसेल तर चालवणाऱ्याला १,००० रुपये दंड आहे.

१०. आमचा मुलगा सतराचा आहे, पण गाडी छान चालवतो. पायथ्याच्या गावात, मोकळ्या रस्त्यावर थोडी दिली तर?

नाही. गावचा रस्ताही कायद्याने सार्वजनिक रस्ताच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ २०१९ मध्ये आलं. त्यानुसार अज्ञान मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ पर्यंत लायसन मिळत नाही. १६ व्या वर्षी मिळणारं लायसन फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीचं असतं, आणि हल्लीच्या नेहमीच्या स्कूटर त्यात बसत नाहीत.

आणि मुलगा अठराचा असेल, शिकाऊ लायसन असेल, तरी मंडळाच्या सहलीत त्याने गाडी चालवायची नाही. हा आमचा नियम आहे. भाड्याच्या गाडीसाठी तर कायद्यानेच वय २० लागतं.

११. सतरा सीटर आहे, एकोणीस मुलं आहेत. दोघं बारीक आहेत, बसतील की.

बसतील, पण अपघातात सर्वांत आधी तीच दोघं फेकली जातील. दंड जादा प्रवाशामागे २०० रुपये आहे, त्यामुळे कुणाला भीती वाटत नाही. लीडर धरून मोजा. कित्येक मंडळं लीडरला मोजायचंच विसरतात. टपावर सामानही नको. वजन वर गेलं की वळणावर गाडी झुकते.

१२. आम्ही सगळे अठरा पूर्ण. बाइकनेच जाणार.

मंडळाच्या नावाने आम्ही बाइकचा गट काढत नाही. तुम्ही स्वतः जाणार असाल तर दोघांनाही आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट, पट्टा लावलेलं. ट्रिपल सीट अजिबात नाही. अंधारात घाट नाही. सगळ्यांत हळू चालवणारा पुढे आणि अनुभवी शेवटी. पुढच्याला गाठायच्या नादातच मुलं वळणावर ओव्हरटेक करतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, मॅप तो रस्ता दाखवत असला तरी.

१३. पावसाळ्यात कुठला घाट टाळावा?

वरंधा घाट पावसात अनेकदा वाहतुकीला बंद केला जातो. माळशेजला दरडी येतात आणि धबधब्यापाशी वाटेल तशा उभ्या केलेल्या गाड्यांचा त्रास वेगळाच. आंबेनळी घाटात जुलै २०१८ मध्ये दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस कोसळली, त्यात फक्त एक जण वाचला. तेही महाबळेश्वरला सहलीलाच निघाले होते.

म्हणून पावसाळ्यात घाट दिवसाच. धुक्यात लांब पल्ल्याचे दिवे लावले तर समोर पांढरी भिंत उभी राहते, त्यामुळे दिवे खालीच ठेवायचे. उतरताना गिअर लहान, नुसत्या ब्रेकवर गाडी सोडायची नाही, न्यूट्रल तर कधीच नाही. ड्रायव्हर डिझेल वाचवायला न्यूट्रल करत असेल तर समोर बसलेल्याने त्याला तिथल्या तिथे सांगायचं.

फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर गुडघाभर आहे की घोटाभर, हे पाहत बसू नका. मागे फिरा.

१४. पालकांनी परवानगी दिली, म्हणजे कुठेही जाता येतं ना?

नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड किंवा भीमाशंकर अभयारण्यात वन विभागाचे नियम आणि शुल्क आहे. वासोट्याला बामणोलीहून वन विभागाची परवानगी काढून बोटीने जावं लागतं आणि दिवसाउजेडी परतावं लागतं. शिवाय पावसाळ्यात जिल्हाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली ठरावीक धबधबे, धरणं, गड यांवर बंदी आदेश काढतात. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एक कुटुंब वाहून गेलं, त्यानंतर पुणे जिल्ह्यात हे आदेश अधिक कडक झाले. निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा चौकशी करा.

१५. ड्रायव्हरच्या लायसनवर फक्त ‘एलएमव्ही’ (हलकं वाहन) आहे, ट्रान्सपोर्ट नाही. त्याला परत पाठवायचं का?

ट्रॅव्हलर असेल तर त्या एका कारणासाठी नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं की ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची वाहतुकीची गाडी हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते. वजन आरसीवर लिहिलेलं असतं. मोठ्या बसला मात्र वेगळं लायसनच लागतं. कागद डिजिलॉकरमध्ये दाखवले तरी ग्राह्य आहेत.

१६. गोव्याला जायचं ठरतंय. काय वेगळं?

राज्याबाहेर जाणाऱ्या गाडीला ऑल इंडिया टूरिस्ट परमिट आहे का, ते आधी पाहा. नाहीतर सीमेवर रात्र जाईल. तिथे दुचाकी भाड्याने घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. ओळखीच्याची पांढऱ्या पाटीची स्वस्तातली स्कूटर नको, कारण प्रश्न ९ मध्ये आहे. अठराखालच्यांना दुचाकी नाही.

१७. अपघात झालाच तर पहिल्या तासात काय?

गाडी बंद, इशाऱ्याचे दिवे चालू, चालता येणाऱ्यांना रस्त्यापासून दूर, कठड्यापलीकडे. ११२ किंवा १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. जागा सांगताना किलोमीटरचा दगड वाचून सांगा. मग यादी काढून हजेरी घ्या. मानेला किंवा पाठीला मार असेल तर आग किंवा दरीचा धोका असल्याशिवाय हलवू नका. मदतीला आलेल्या वाटसरूंना मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चं संरक्षण आहे, हे त्यांना सांगा. पोलिसांच्या भीतीने मागे सरणारा माणूस पुढे येतो. मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमींना ठरवलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. पालकांना फोन एकाच माणसाने करायचा. मुलांनी फोटो कुठेही टाकायचे नाहीत.

१८. आम्ही नवरा-बायको वेगळे राहतो. सही कुणाची?

मुलाचा ताबा ज्याच्याकडे आहे त्याची. न्यायालयाच्या आदेशात दोघांची संमती लिहिलेली असेल तर दोघांची. तसं काही असेल तर फॉर्म भरतानाच एका ओळीत कळवा. आम्ही कारण विचारत नाही.

१९. परतताना वाटेत मामाचं गाव आहे. मुलगी तिथेच उतरली तर चालेल?

तुम्ही आधी लेखी कळवलं असेल, मामांचं नाव आणि फोन दिला असेल, तर चालेल. मामा गाडीपाशी यायला हवेत. लीडर ताई त्यांचं ओळखपत्र पाहील, तुम्हाला फोन लावून मुलीशी बोलायला देईल, वेळ लिहून मामांची सही घेईल, मगच मुलगी उतरेल. ऐनवेळी गाडीत बसून “ताई, मला इथेच सोडा, आईला माहीत आहे” म्हटलं तर सोडणार नाही. मामा फाट्यावर हात करत उभे असले तरी आईचा फोन लागेपर्यंत गाडी थांबेल, आणि नाहीच लागला तर मुलगी आमच्याबरोबर घरापर्यंत येईल.